अठ्ठेचाळीस मेखा

मशीन सुरू करण्याआधी गेणू मदने हिरवळीवरून एकदा उभा आणि एकदा आडवा चालायचा, तोही अनवाणी. बुटातून खडा कळत नाही, असं त्याचं म्हणणं. काड्या, मुरमाचे खडे, बाटल्यांची बुचं, एकदा तर कुणा पाहुणीच्या कानातलं, जे सापडेल ते खाकी पँटीच्या खिशात घालायचा. मग कडेच्या कट्ट्यावर बसून कंपनीनं दिलेले जाड बूट चढवायचा. या सगळ्याला पाऊण तास लागे. गवत कापायला त्याहून थोडा जास्त.

“दाजी, गवतात उवा हुडकताय का काय?” त्याचा मेव्हणा भिमा पाण्याची नळी ओढता ओढता विचारायचा.

“तुज्या डोक्यातल्या हितं पडल्या आसतील, त्या येचतोय,” गेणू म्हणायचा. नजर मात्र जमिनीवरच.

ही हिरवळ बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या अतिथिगृहापुढची. पाऊण एकर, मधे सिमेंटचं कारंजं, कडेनं मेंदीचं कुंपण. गेणू तिथं १९९१ साली हंगामी माळी म्हणून लागला, तेव्हा त्याचं वय चव्वेचाळीस होतं. वर्षभरानं त्यानंच भिमाला लावून घेतलं. साहेबांनी विचारलं, माणूस कसा आहे? गेणूनं सांगितलं, “माझा माणूस हाय.” त्याच्या लेखी एवढं सांगणं पुरेसं होतं, आणि साहेबांच्या लेखीही.

दोघांची ओळख नोकरीच्या फार आधीची होती. गेणू अंथुर्ण्याचा. बापाची मेंढरं होती, आणि दिवाळी झाली की पाच-सहा घरांचा वाडा, म्हणजे माणसं आणि मेंढरं मिळून फिरता तळ, एकत्र होऊन कोकणाकडे उतरायचा. वाटेतले शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेत आणि त्याबद्दल धान्य देत. मेंढरं जाळ्याच्या वाघरीत कोंडायची, आणि वाघर चारी बाजूंनी मेखा ठोकून ताणायची. सकाळी वाडा हलायच्या आधी मेखा उपटून मोजायच्या. हे काम पोरांचं, पण त्याला शिस्त मोठ्यांची. एकानं मेख उपटायची आणि मोठ्या आवाजात आकडा म्हणायचा. दुसऱ्यानं ती पोत्यात टाकताना आपला आकडा मनात धरायचा. शेवटी दोन्ही आकडे जुळले तरच पोत्याचं तोंड बांधायचं. एक मेख जरी मातीत राहिली आणि नांगराला किंवा बैलाच्या खुराला लागली, तर तो शेतकरी पुढच्या वर्षी वाड्याला रानात पाय ठेवू देत नसे. शिवाय ही गोष्ट वाड्याच्या आधी पुढच्या चार गावांत पोचायची. त्यामुळे वाड्यावरची माणसं इतर बाबतीत खोटं बोलत असतीलही. मेखांच्या आकड्याबाबत कुणी खोटं बोलत नसे.

गेणू उपटायचा आणि भिमा पोतं धरायचा. भिमा त्याच्याहून सहा वर्षांनी लहान, बडबड्या, नकला करण्यात पटाईत. पुढं भिमाची थोरली बहीण बानूबाई गेणूला दिली. बहात्तरच्या दुष्काळात दोन्ही घरांची मेंढरं गेली. गेणू वालचंदनगरच्या बंगल्यांमधून बागकामाच्या रोजंदारीवर राहिला आणि कलमं, रोपं, हिरवळ हे सगळं तिथं हातानं शिकला. भिमा ऊसतोड, विटा, हमाली असं जे मिळेल ते करत राहिला. बारामतीला आल्यावर वसाहतीमागच्या वस्तीवर दोघांनी शेजारी शेजारी पत्र्याच्या खोल्या घेतल्या. मधली भिंत सामाईक होती.

मशीन आली १९९३ च्या जूनमध्ये. लाल रंगाची, चार चाकांची, पेट्रोलवर चालणारी, दोरी ओढून सुरू करायची. सोबत इंग्रजी पुस्तिका. देखभाल विभागातला फिटर नागेश तिच्यातलं वाचून मराठीत सांगायचा, आणि गेणू एकेक गोष्ट स्वतः हात लावून बघितल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचा नाही. आठवड्याभरात नागेशच कंटाळला.

“आबा, तुम्हाला मशीन चालवायची आहे का नवीन बनवायची आहे?”

“नागेशराव, मेंढीची बी आधी मान कुठनं धरायची ते ठावं लागतं.”

मशीनच्या दांड्यावर एक पट्टी होती. ती दाबून धरली तरच इंजिन चालायचं. हात सुटला की तीन सेकंदांत बंद. कापलेलं गवत बाजूनं बाहेर पडायचं, आणि त्या तोंडावर एक झडप लटकत असायची, म्हणजे उडालेला खडा सरळ न जाता जमिनीकडे जाईल. पेट्रोल इंजिन थंड असताना घालायचं, आणि गवतावर नव्हे, मुरमावर. उतारावर आडवं चालायचं. मशीन आपल्या पायांकडे ओढायची नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट पात्याची. पात्याखाली हात घालायचा असेल तर आधी इंजिनाला ठिणगी देणाऱ्या प्लगची टोपी उपसून बाजूला करायची, कारण पातं नुसतं हातानं फिरवलं तरी गरम इंजिन सुरू होऊ शकतं. मग मशीन कलती करायची, आणि कलती करताना हवेची गाळणी वरच्या अंगाला ठेवायची. नाहीतर तेल गाळणीत शिरतं आणि पुढं दोन दिवस मशीन धूर ओकते.

गवत किती उंच ठेवायचं ते चाकांवरच्या खाचांनी ठरायचं. चार चाकं, चारही एकाच खाचेत. गेणूनं पहिल्या महिन्यातच तिसरी खाच ठरवून टाकली. मेंढीची लोकर अगदी कातडीला लागून कातरली तर उन्हानं कातडी भाजते, हे त्यानं लहानपणी पाहिलं होतं. गवताचंही तसंच आहे हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. प्रशासनाचे बर्गे साहेब अधूनमधून म्हणत, जरा बारीक करा, गालिच्यासारखं दिसू दे. गेणू “व्हय साहेब” म्हणायचा आणि तिसऱ्याच खाचेवर कापायचा.

भिमाला या नियमांचा वैताग यायचा. एकदा गेणू सुट्टीवर असताना त्यानं दांड्यावरची पट्टी सुतळीनं बांधून टाकली, म्हणजे हात दुखायला नको, विडी पेटवायला एक हात मोकळा राहतो. दुसऱ्या दिवशी गेणूनं ती सुतळी विळ्यानं कापली आणि भिमाच्या हातात दिली.

“ही घे. कंबरंला बांध. एक दिवस पाय तुटला की धरायला उपेगी पडंल.”

भिमा हसला. नंतर चार दिवस तो बगिच्यात एका पायावर लंगडत फिरत होता, आणि स्वयंपाकघरातली ताईबाई पोट धरून हसत होती. ताईबाई अतिथिगृहात चादरी धुण्यापासून भाकरी थापण्यापर्यंत सगळं करायची. गेणूला ती गेणूआबा म्हणायची, आणि भिमाला तोंडावर बहुरूपी.

१९९५ च्या जानेवारीत बर्गे साहेबांनी गेणूला बोलावून सांगितलं, की कंपनी बगिच्यासाठी एक जागा कायम करणार आहे. मशीन चालवणारा माळी. एकच जागा. मार्चअखेर आदेश निघेल. “तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे?” साहेब म्हणाले. गेणूनं घरी जाऊन बानूबाईला सांगितलं. बानूबाईनं लगोलग सामाईक भिंतीवर थाप मारून भावाला सांगितलं. भिमा पेढे घेऊन आला. पेढ्यांचा पुडा पुढं करताना म्हणाला, “दाजी, आता कायम झालाव म्हंजी साहेबागत बोलणार. आमी काय, पानी मारनारं.”

फेब्रुवारीत कंपनीचा वर्धापनदिन होता. हिरवळीवर मांडव पडणार हे कळल्यावर गेणू साहेबांकडे जाऊन आला, पण मांडव पडलाच. मग तो दिवसभर मांडववाल्याच्या माणसांमागे फिरला. कापडी मांडवाचे दोर ताणायला त्यांनी वीतभर लांबीच्या लोखंडी मेखा ठोकल्या. गेणूनं मोजल्या, अठ्ठेचाळीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजल्या, अठ्ठेचाळीस.

मांडव सुटायचा त्या दिवशी गेणूला निमगाव केतकीला जावं लागलं. बहिणीचा सासरा वारला होता, त्याचा दहावा होता. जाण्याआधी त्यानं भिमाला कारंज्यापाशी उभं केलं.

“अठ्ठेचाळीस हायती. तू सोता उभा ऱ्हा. त्यांच्या माणसानं उपटायची, तू मोजायची.”

“आवो, जल्मभर तेच केलंय की मी तुमच्यासंगं.”

“म्हनूनच तुला सांगतोय.”

संध्याकाळच्या एसटीनं तो परतला. भिमा दारातच खाटेवर बसला होता.

“झाल्या का?”

“अठ्ठेचाळीस. पोत्यात घातल्या, तोंड बांधलं, टेम्पोत टाकलं. काय वो दाजी, दहाव्याला जेवण काय हुतं?”

गेणूनं जेवणाचं सांगितलं. आकडा जुळला होता. विषय संपला होता.

तुडवलेल्या गवताला त्यानं पाणी दिलं, उभं राहू दिलं, वाळू दिलं. पाचव्या दिवशी पुण्याहून कुणी मोठे पाहुणे यायचे होते. बर्गे साहेब स्वतः हिरवळीवर आले आणि म्हणाले, “मदने, आज माझं ऐका. एक खाच खाली घ्या. गवत पिवळं पडलंय, जरा सारखं दिसू दे.” गेणूनं हिरवळीवरून नजर फिरवली. गवत तुडवलेलं होतं हे खरं. जमिनीत लोखंड नाही हे त्याला माहीत होतं. त्यानं चारही चाकं दुसऱ्या खाचेवर आणली. हा एक निर्णय त्याचा स्वतःचा होता, आणि तसं त्यानं नंतर कुणालाही विचारल्यावर सांगितलं.

सकाळचे साडेनऊ. तो नेहमीप्रमाणे उभा-आडवा चालला. मांडवाच्या दोरांच्या जागी माती उकरली होती, तिथं त्यानं पायाचा अंगठा फिरवला. काही लागलं नाही. ताईबाईला हाक मारून सांगितलं, मशीन लावतोय, हिकडं येऊ नगं. ती कुंपणाच्या कोपऱ्यात तारेवर चादरी वाळत घालत होती. अंतर नंतर मोजलं तेव्हा एकेचाळीस पावलं भरलं.

चौथ्या पट्ट्यात, पूर्वेच्या कडेला, मशीन एकदम किंचाळली. दांड्याला असा हिसका बसला की मनगट लचकलं. गेणूचा हात पट्टीवरून सुटला, इंजिन थांबलं. त्याआधीच, म्हणजे डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात, ताईबाई खाली बसली होती. पात्याच्या टोकाचा दोन बोटं रुंद तुकडा तुटून तिच्या पोटरीत घुसला होता.

तो धावला. चादर फाडून पोटरी करकचून बांधली. नागेशनं जीप काढली. दवाखान्यात नऊ टाके पडले. हाड शाबूत होतं. नागेश नंतर साहेबांना म्हणाला, झडप लावलेली होती म्हणून तुकडा खाली गेला. झडप नसती तर तो पोटरीत नाही, पोटात लागला असता. हे त्यानं तोंडी सांगितलं. लिहून कुणी घेतलं नाही.

दवाखान्यातून परतल्यावर गेणूनं आधी प्लगची टोपी उपसली, मग मशीन बाजूला घेतली, आणि त्या जागचं गवत खुरप्यानं बाजूला सारलं. मेख होती. डोकं घणाचे घाव बसून चपटं झालेलं, जमिनीच्या वर जेमतेम दोन बोटं, आणि त्यावर गवत आडवं पडलेलं. भोवतालची माती उकरलेली नव्हती, म्हणून त्याचा अंगठा तिथं फिरला नव्हता. तिसऱ्या खाचेवर पातं तिच्या वरून गेलं असतं. इंजिनाचा दांडा वाकला होता. नागेशनं बघून मान हलवली.

भिमा नळी हातात धरून उभा होता. पाणी एकाच रोपावर पडत होतं, आळं भरून वाहत होतं.

“भिम्या, सत्तेचाळीसच हुत्या?”

भिमा नळ बंद करायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. बर्गे साहेबांची खोली, एक टेबल, लिहून घेणारा कारकून. प्रश्न तीनच होते. हिरवळ तपासण्याचं काम कोणाचं? तपासली होती का? पातं खाली कोणी आणलं? गेणूनं सांगितलं, काम माझं, मी तपासली, पातं तुम्ही सांगितल्यावर मी खाली आणलं. मेखा मोजायचं मी भिमाला सांगून गेलो होतो, आणि अठ्ठेचाळीस भरल्या असं त्यानं मला सांगितलं.

साहेबांनी भिमाकडे पाहिलं.

“मला काय बी सांगितलं न्हवतं साहेब,” भिमा म्हणाला. “मी पानी मारनारा माणूस. मशीन दाजींची, गवत बी दाजींचं. दहाव्याला गेलं, त्या गडबडीत ऱ्हायलं आसंल त्यांच्याकडनं सांगायचं. वय झालंय. मी त्यांला दोष देत न्हाय.”

शेवटची दोन वाक्यं तो अगदी प्रेमानं म्हणाला. कारकुनानं ती जशीच्या तशी लिहिली.

बाहेर आल्यावर गेणूनं त्याला पिंपळाखाली गाठलं. आवाज चढवला नाही. खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली. बिरोबाचा भंडारा तो कायम जवळ ठेवायचा.

“उचल. मी तुला सांगितलं न्हवतं, आसं म्हन आनि कपाळाला लाव.”

भिमानं पुडीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

“पोटापान्याच्या कामात देवाला कशाला मधी घालताय दाजी?”

“मग साहेबाफुडं जाऊन खरं सांग.”

“आनि मग? दोघं बी घरी बसायचं?” भिमाचा आवाज पहिल्यांदाच नकलेसारखा वाटला नाही. “त्यांला एकाला कुनाला तरी धरायचंच हुतं. माझं आनखी पंधरा वर्सं काम हाय. तुमचं किती ऱ्हायलंय?”

गेणूनं पुडी परत खिशात ठेवली.

त्याच दुपारी तो मांडववाल्याच्या दुकानात गेला. मांडववाला भला माणूस, त्यानं चहा मागवला. “एक निघत नव्हती हो,” तो सहज म्हणाला. “पोरांनी लई हिसके दिले. तुमच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला राहू द्या, खाली ठोका, मी उद्या पहारीनं काढतो.” हे साहेबांना येऊन सांगाल का, असं गेणूनं विचारलं, तेव्हा मांडववाल्यानं कपातला चहा संपवला. कंपनीचं दरवर्षीचं काम आहे, म्हणाला. वाईट वाटून घेऊ नका.

म्हणजे भिमा मोजायला विसरला नव्हता. एक मेख आत आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असताना त्यानं खाटेवर बसून अठ्ठेचाळीस सांगितलं होतं. गेणू पायी घरी आला. बानूबाई तांदूळ निवडत होती. त्यानं मांडववाल्याचं सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही. तांदळात खडे नव्हते, तरी तिची बोटं फिरत राहिली. तेवढ्यावरून त्याला कळलं.

“तुला ठावं हुतं.”

“आवो, ताक न्यायला आला हुता त्या दिशी. म्हनला, आक्के, एक ऱ्हायलीया, दाजीला सांगू नगं, उगा डोकं खातील, मी उद्याच्याला काढतो.” तिनं तांदूळ सारखे केले. “मला वाटलं काढली आसंल.”

“पाच दिवस वाटलं?”

“भाऊ हाय वो माझा.”

“आनि मशीनीमागं मी चालत हुतो.”

गेणूनं दुसरं काही विचारलं नाही. साहेबांसमोर येऊन सांगशील का, हेही नाही. नाही म्हणाली तर पुढं तिच्या हातची भाकरी गिळणार नाही, हे त्याला माहीत होतं. आणि व्हय म्हणाली असती तर वस्तीवर तिला माहेर उरलं नसतं. तो साहेबांकडे एकटाच गेला आणि मांडववाल्याचं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. “फाइल वर गेली, मदने,” ते म्हणाले. “आणि खरं सांगू? खाच खाली घ्यायला मी सांगितलं, हेही त्यात नको होतं.” तेव्हा गेणूला उमगलं की भिमाचं बोलणं खोलीतल्या सगळ्यांनाच सोयीचं होतं.

मार्चअखेर आदेश निघाला. कायम जागेवर भिमा. गेणू हंगामीच राहील, पाणी आणि खुरपणी बघेल. मशीन दुरुस्त होऊन आल्यावर त्यानं आठ दिवस भिमाला ती चालवायला शिकवावी, असंही त्यात होतं.

ताईबाई तोवर लंगडत कामावर आली होती. कट्ट्यावर बसून पोटरी चोळत ती म्हणाली, “आबा, समदं कशाला शिकवताय? एक-दोन गोष्टी ठिवा की पोटात. बहुरूप्याला जरा अद्दल घडू दे.”

“ठिवल्या तर फुडचा तुकडा बी तुलाच लागंल. चादरी तूच वाळत घालतीस.”

ती हसली, आणि पुन्हा पोटरी चोळू लागली.

गेणूनं सगळं शिकवलं. अनवाणी चालणं, पेट्रोल मुरमावर घालणं, चारही चाकं एका खाचेत, झडप, पट्टी, प्लगची टोपी, गाळणी वरच्या अंगाला. नव्या पात्याचा बोल्ट किती आवळायचा तेही, स्वतःचा हात भिमाच्या हातावर ठेवून दाखवलं. एकेक गोष्ट तीनदा वदवून घेतली. फक्त एक बदल झाला होता. तो आता भिमाला भिमराव म्हणत होता, आणि अहोजाहो करत होता. पहिल्या दिवशी भिमाला ही थट्टा वाटली. “काय दाजी, पावना केलाव व्हय मला!” गेणू म्हणाला, “भिमराव, टोपी आधी उपसा.” तिसऱ्या दिवशी भिमानं थट्टा सोडली. आठव्या दिवशी काम झाल्यावर तो घुटमळला.

“दाजी, शिव्या तरी द्या.”

“मला एक वाक्य पायजे. तुमच्या तोंडनं, चार मान्सांत. मेख मी ठिवली, म्हनून. जागा ठिवा तुमच्यापाशी.”

“जागा ऱ्हाईल का मग?”

“ते मला सांगता येनार न्हाय.”

भिमा गेला. गेणू वाट बघत राहिला. सुरुवातीला त्याला वाटलं दिवाळीपर्यंत बोलेल. मग वाटलं त्याच्या लेकीचं, छकुलीचं, लग्न झालं की बोलेल. लग्न झालं. गेणूनं अक्षता टाकल्या, जेवला, परत आला. घरात बानूबाईशी तो मिठापिठाचं बोलायचा, पण बगिच्यातलं काही सांगत नसे, आणि तिनंही विचारणं सोडून दिलं. भिंतीवरच्या थापा बंद झाल्या होत्या. चुकल्यासारखं वाटून की काय, ती रोज ताजं ताक करायची. तो प्यायचा.

तीन वर्षांत भिमाच्या हातून एकही अपघात झाला नाही. हे लिहिलंच पाहिजे. १९९८ च्या मार्चमधल्या सुरक्षा सप्ताहात कंपनीनं त्याला बक्षीस दिलं. बर्गे साहेब तोवर बदलून गेले होते. नवे साहेब तरुण होते, हौशी होते. त्यांनी पन्नास-साठ कामगार हिरवळीच्या कडेला उभे केले आणि भिमाला प्रात्यक्षिक करायला सांगितलं. भिमा चांगला बोलला. नकला करत, हसवत बोलला. पँटीचे पाय दुमडून अनवाणी चालून दाखवलं. टोपी उपसली, मशीन कलती केली, गाळणी वरच्या अंगाला. “पट्टी बांधून ठिवायची आसंल तर आधी कंबरंला सुतळी बांधा, तुटल्याला पाय धरायला,” तो म्हणाला, आणि सगळे हसले.

गेणू मागच्या वाफ्यात नळी धरून उभा होता. प्रत्येक शब्द त्याचा होता. आपल्याच तोंडचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणूस ओठ हलवतो, तसे त्याचे ओठ मधेच हलले. ताईबाईनं ते पाहिलं.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. “वा! हे सगळं शिकलात कुठं?”

गेणूनं नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं. पाण्याचा आवाज थांबला.

भिमानं एकदा मागच्या वाफ्याकडे पाहिलं. मग हात जोडले.

“कंपनीनं शिकीवलं साहेब.”

“नाव घे की आबांचं!” ताईबाई मागून ओरडली, पण टाळ्यांचा दुसरा कडकडाट उठला आणि तिचं बोलणं त्यात गेलं. साहेबांनी स्टीलचा डबा आणि प्रशस्तीचा कागद दिला, फोटो निघाला, माणसं पांगली.

सगळे गेल्यावर भिमा डबा काखेत धरून वाफ्यापाशी आला. केस पांढरे झाले होते त्याचे. त्यानं कुणी ऐकत नाही ना ते पाहून घेतलं.

“दाजी, तुमचं नाव तोंडात आलं हुतं. देवाशपथ आलं हुतं. पर नवा मानूस हाय हा. नाव घेतलं आसतं तर इचारलं आसतं, का मग ते मशीनीवर का न्हायीत? आनि मग मागचं समदंच निघालं आसतं.”

गेणूनं अंगठा काढला. पाणी सुरू झालं.

“व्हय, भिमराव,” तो म्हणाला. “निघालं आसतं.”

आणि नळी ओढत पुढच्या वाफ्याकडे गेला.